मापाची बाई

गुरुवारी सकाळी दाराखालून आत सरकवलेली पिवळी चिठ्ठी त्यानं आधी दूधवाल्याची समजून फ्रिजवर ठेवून दिली. मग चहा गाळता गाळता सहज वाचली आणि गाळणं तसंच हातात राहिलं. चिठ्ठी रहिवासी मंडळाची होती. घर क्रमांक एकतीस. नियम सतराचा भंग: दर्शनी खिडकीत सायंकाळी सहानंतर पडदा न ओढता रस्त्याकडे पाहत उभे राहणे. पाहणीचा वार बुधवार, वेळ सहा वाजून दहा मिनिटे. व्यक्तींची संख्या: एक. आणि खाली 'शेरा' असं छापलेल्या रेघेवर पाहणीवाल्या मास्तरांच्या मोत्यासारख्या अक्षरात एकच शब्द: बाई. चहा कपाच्या काठावरून बशीत आणि बशीतून ओट्यावर गेला. त्याच्या बायकोला जाऊन सात महिने झाले होते.

चूक असणार, हे पहिलं मनात आलं. चुका शोधण्यात त्याची हयात गेली होती. तो ड्राफ्ट्समन. वास्तुविशारदाच्या कचेरीत छत्तीस वर्षं तिरप्या टेबलावर वाकून पाठीला कायमचा बाक आलेला. ही अख्खी वसाहत, चार गल्ल्या, अठ्ठेचाळीस घरं, मधलं हिरवळीचं गोल बेट, त्याच्याच हातच्या रेघांतून उभी राहिली होती. साहेब कल्पना सांगायचे आणि कल्पनेला भिंती यानं घालायच्या. सगळी घरं एका साच्यातली, बाहेर झुकलेली दर्शनी खिडकी, उतरतं छप्पर, शेवाळी रंगाचं दार. दाराचा रंग नियम चार, कचऱ्याचे डबे नियम नऊ, पडदे हस्तिदंती, नियम सोळा. कचेरीतल्या माणसांना सवलतीत घरं मिळाली तेव्हा तो इथे राहायला आला आणि पहिल्याच आठवड्यात बायको शेजारच्या कुलुपात किल्ली फिरवत पाच मिनिटं उभी राहिली होती. "तुम्ही काढलेली घरं आहेत ना, मग एखाद्याला तरी तीट लावायची होती," असं ती म्हणाली होती. म्हणजे आता मास्तरांनी चिठ्ठीवर तेराच्या जागी एकतीस लिहिलं असेल, एवढंच. पण मास्तर चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. ते एक वेळ माणूस विसरतील, आकडा चुकायचे नाहीत.

चिठ्ठी त्यानं खणात ठेवली. खणात आधीपासून एक कागद होता, मंडळाचाच, 'कुटुंबातील बदल' असं शीर्षक असलेला. पूर्वीची रहिवासी संख्या, आताची रहिवासी संख्या, सही. पहिल्या चौकोनात त्यानं 'दोन' लिहिलं होतं. दुसरा चौकोन सात महिने कोरा होता. केसाएवढी रेघ न थरथरता काढणारा हात त्या चौकोनावर नेला की बोटं पेन सोडून द्यायची. ती त्याच्याबरोबर मुलीकडे गेली होती तपासण्यांसाठी, तीन आठवड्यांसाठी म्हणून, आणि तिथल्याच इस्पितळात गेली. सगळं तिथेच उरकलं. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात एकच बॅग होती, पण वसाहतीत कोण कुणाच्या बॅगा मोजतंय. इथली माणसं एकमेकांना लांबून हात करायची, जवळ येऊन विचारायची नाहीत. समोरच्या घरातल्या बाई एकदाच कुंपणावरून म्हणाल्या, "वहिनी दिसल्या नाहीत बऱ्याच दिवसांत?" आणि त्याच्या तोंडून गेलं, "मुलीकडे आहे." त्या घटकेला ते त्याला खोटंही वाटलं नव्हतं. पुढे ते दुरुस्त करायला तोंड उघडेना. एक रेघ चुकली की तिच्यावर बेतलेल्या सगळ्याच चुकत जातात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. मंडळाच्या वहीत एकतीस नंबरात अजून दोन माणसं राहत होती.

दिवसभर तो खिडकीच्या खोलीत गेला नाही. म्हणजे गेला, पण काहीतरी आणायचं आहे असं स्वतःला सांगून, चष्मा, वर्तमानपत्र, आणि नजर जमिनीवर ठेवून. सहा वाजून दहा मिनिटं ही वेळ त्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको होती. कचेरीची बस कोपऱ्यावर सहा वाजून आठ मिनिटांनी थांबायची. तिथून घर दोन मिनिटांवर. बावीस वर्षं ती त्या वेळी खिडकीत येऊन उभी राहायची, डावा हात चौकटीला, भार एका पायावर, आणि तो गल्लीतून येताना काय बघायचा, तर छपराची कड सरळ आहे का, पन्हळ कुठे झुकलीय का, सव्वीस आणि सत्तावीसच्या पायऱ्या एका रेषेत बसल्यात का. नाकासमोर चालणारा माणूस, पण नाक सदैव इमारतींकडे. दार ती उघडायची, बेल वाजवायची वेळच यायची नाही, आणि दार आपोआप कसं उघडतं याचं त्याला बावीस वर्षांत एकदाही नवल वाटलं नाही. एकदा ती म्हणाली होती, "आज मी खिडकीत नव्हते, तुमच्या लक्षात आलं का?" तो हो म्हणाला. ती हसली, कारण ती होती. ते हसणं त्याला आता, मोजे घालताना, भाजी चिरताना, कुठेही गाठायचं.

आणि मग तो निवृत्त झाला. चमत्कारिक गोष्ट अशी की तरीही ती सहा-दहाला खिडकीत उभी राहायचीच. तो मागे खुर्चीत बसलेला असायचा, पेपराच्या आडून तिची पाठ बघायचा. करडा स्वेटर, कोपराला तिनंच विणून लावलेलं ठिगळ, मानेवर सुटलेले केस. "अगं, मी इथे आहे," तो म्हणायचा. "माहीत आहे," ती न वळता म्हणायची, आणि उभीच राहायची. त्याला कधी कधी राग यायचा, खरं सांगायचं तर हेवाच वाटायचा, त्या रस्त्यानं येणाऱ्या कुणाचातरी. खुर्चीतल्या माणसापेक्षा तिला तोच बरा वाटत असणार. खिडकीतला तिचा चेहरा, बाहेरून दिसणारा, त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. सात महिने तो नेमका तोच चेहरा आठवायचा प्रयत्न करत होता आणि समोर यायची ती पाठ.

पुढच्या बुधवारी सहाला पाच कमी असताना तो बाहेर पडला आणि समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिला. पडदे त्यानं मुद्दाम उघडे ठेवले होते. आपल्याच घराकडे बघत उभं राहणाऱ्या माणसाला हात कुठे ठेवावेत कळत नाही. ऊन उतरलं होतं, खिडक्यांच्या काचा एकेक करून पिवळ्यातून करड्या होत चालल्या होत्या. सहा-आठ. कोपऱ्यावर कुठलीतरी बस थांबली, सुटली. सहा-दहा. खिडकीत खुर्चीची पाठ दिसत होती, दिव्याची दांडी दिसत होती, मागच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. त्यानं डोळ्यांत तेल घालून पाहिलं. काही नव्हतं. तेवढ्यात मास्तर पाठीमागून आले, पुठ्ठ्याला चाप लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा छातीशी धरून. त्याच्याशेजारी थांबले, वर बघितलं, आणि लिहायला लागले.

"मास्तर, काय लिहिताय?"

"आता तुम्हीच बघताय की, ड्राफ्ट्समनसाहेब. हाताच्या काकणाला आरसा कशाला?" मास्तर न थांबता म्हणाले. "मला काय, वाईट वाटतं. पण समोरच्यांची तक्रार आहे. एकटक बघतात म्हणे. त्यांच्या मुलांना जेवताना कसंतरी होतं."

"अंगात काय आहे तिच्या?" त्यानं विचारलं. आवाज आपला आहे याची त्याला खात्री वाटेना.

मास्तरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "स्वेटर. करडा. का, दिसत नाही तुम्हाला? माझंही असंच झालं होतं, मोतीबिंदू निघाला. दाखवून घ्या." त्यांनी चिठ्ठी टर्रकन फाडून त्याच्या हातात दिली. "आणि वहिनींना सांगा हो जरा. दुसरी झाली. लागोपाठ तिसरी आली की मंडळ खिडकीला दुधी काच ठोकतं, कायमची. माझ्या हातात काही नाही."

घरी येऊन त्यानं मुलीला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "आईचा तो करडा स्वेटर कुठे आहे गं?"

"माझ्या अंगात आहे, बाबा. इथे थंडी पडलीय." "बाबा, तुम्ही ठीक आहात ना? किती वेळा सांगितलं, घर विका आणि इकडे या. मी सुट्टी काढून येते पुढच्या महिन्यात, आपण मंडळाशी बोलू."

"नको. घर नाही विकायचं."

"तिथे आहे कोण आता?"

याचं उत्तर त्याच्याजवळ दोन पिवळ्या चिठ्ठ्यांत लिहिलेलं होतं, पण मुलीला ते वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता. तिनं उद्याच्या गाडीनं येऊन त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. त्याला भीती वाटत होती हे खरं. पाठीमागून कुणी मानेवर फुंकर घालावी तशी भीती. पण त्या भीतीखाली आणखी एक होती, आणि ती मोठी होती. दुधी काच बसली तर मास्तरांना दिसणार नाही, आणि मास्तरांना दिसली नाही तर ती असल्याचा दुसरा कसलाच पुरावा त्याच्यापाशी नव्हता.

दुसऱ्या चिठ्ठीवरून शनिवारी मंडळाच्या कार्यालयात सुनावणी होती. अध्यक्षबाई दातांच्या डॉक्टर. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता तोंडात बघायच्या, त्यामुळे माणूस आपोआप ओठ मिटून घ्यायचा. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर वसाहतीचं मूळ ड्रॉइंग फ्रेम करून लावलेलं होतं, दर्शनी बाजूचं, एका घराचं. त्याच्याच हातचं. आणि त्या घराच्या खिडकीत, अंगठ्याच्या नखाएवढी, ती उभी होती. कचेरीत अशा आकृतीला 'मापाचा माणूस' म्हणत. इमारत किती उंच ते कळावं म्हणून प्रत्येक ड्रॉइंगमध्ये एक माणूस काढायचा, चेहरा नसलेला, शक्यतो टोपी घातलेला, फुटपाथवर. यानं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात मापाची बाई काढली आणि तीही खिडकीत. साहेब ओरडले होते, "मापाचं माणूस घराच्या बाहेर उभं करायचं असतं, आत नाही. काढून टाक." शाई ट्रेसिंगच्या कागदावरून ब्लेडनं खरवडून काढावी लागते. त्यानं ब्लेड घेतलं, चौकटीवरचा हात तेवढा थोडा खरवडला आणि पुढे हिंमत झाली नाही. साहेबांनी पुन्हा तपासलं नाही आणि तेच ड्रॉइंग मंजूर होऊन आलं. एवढंच काय ते त्यानं तिच्यासाठी नियम मोडून केलेलं.

"काका, त्यांनाच पाठवायचं होतं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "नोटीस त्यांच्या नावे आहे."

"तिला बाहेर पडवत नाही."

"बरं. म्हणजे त्या घरात असतात, हे मान्य."

तो भिंतीकडे बोट करून म्हणाला, "नियम एक काय सांगतो? प्रत्येक घर मंजूर ड्रॉइंगबरहुकूम राहिलं पाहिजे. ते बघा मंजूर ड्रॉइंग. त्यात खिडकीत बाई आहे."

कोपऱ्यात बसलेल्या मास्तरांना हसू आवरेना. अध्यक्षबाई वळून फ्रेमपाशी गेल्या, वाकून बघितलं, चष्मा काढून पुन्हा बघितलं. "अहो काका, ही नुसती मापासाठी काढलेली असते ना?"

"हो," तो म्हणाला. "मापासाठीच होती ती." आणि त्यानं खुर्चीची कड धरली. अठ्ठेचाळीस घरं त्यानं काढली, आणि त्यांतलं एकही तिच्यावाचून किती उंच होतं हे त्याला सांगता आलं नसतं.

अध्यक्षबाई जागेवर आल्या. आवाज मऊ झाला होता, पण कागद तोच होता. "हे बघा, दोनच रकाने आहेत. 'तक्रार अमान्य' म्हणजे तिथे कुणी नव्हतं, असं तुम्ही लिहून द्यायचं. मग मास्तर खोटे पडतात आणि विषय संपतो. किंवा 'तक्रार मान्य', आणि घरातल्या व्यक्तीला समज देईन, असं लिहून द्यायचं. तुम्ही म्हणाल ते."

सुटका किती सोपी होती. तिथे कुणी नव्हतं. चार शब्दसुद्धा नाहीत. खणातला कोरा चौकोनही त्याच पेनानं भरता आला असता. त्यानं पेन उचललं. हात जराही थरथरला नाही. 'मान्य' या शब्दाखाली त्यानं सही केली, पुढे कंसात लिहिलं, समज देईन. मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बरं केलंत. ऐकतील वहिनी."

"ती कधी ऐकत नाही," तो म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी त्याला हसू आलं.

बुधवारी सहा वाजता तो खिडकीशी गेला. खोलीत रोजचाच वास, लाकडाचा आणि थोडा नॅप्थलीनचा. काय बोलावं याची त्यानं दोन दिवस तयारी केली होती आणि आता सगळी तयारी पालथ्या घड्यावर पाणी. "अगं," तो म्हणाला, आणि आवाज एवढा घरगुती निघाला की तोच दचकला. "अगं, समोरच्यांना त्रास होतो म्हणे. जरा मागे सर. मी आलोय ना आता. कुणी यायचं राहिलं नाही." आणि त्यानं पडदा ओढला. कड्या दांडीवरून सरकत जाताना मधेच एकदा अडल्या, कुणी पडदा पलीकडून धरावा तशा. मग सुटल्या.

गुरुवारची चिठ्ठी हिरवी होती. हिरवी चिठ्ठी त्यानं कधी पाहिली नव्हती. घर क्रमांक एकतीस. सुधारणा दिसून आली, सहकार्याबद्दल आभार. व्यक्तींची संख्या: निरंक. शेरा रिकामा.

तो दारापाशीच खाली बसला. इस्पितळातून फोन आला तेव्हा तो रडला नव्हता, मुलगी रडत होती म्हणून. परत आल्यावर रडला नव्हता, घरात कुणी नव्हतं म्हणून. आता पायपुसण्यावर बसून, हिरवा कागद गुडघ्यावर ठेवून, तो लहान मुलासारखा रडला. आयुष्यभर तिनं त्याचं एक ऐकलं नाही. डॉक्टरकडे लवकर जाऊ म्हणालो, ऐकलं नाही. भिंतीचा रंग, मुलीचं लग्न, मिठाचं प्रमाण, कशातच नाही. आणि नेमकं हे ऐकलंस, तो म्हणाला. पडदा ओढल्यावर बाहेरून काय, काहीच दिसत नाही, मास्तर निरंक लिहिणारच, हे शहाणपण त्याला सुचत होतं. पण कानाला लागत नव्हतं.

दोन दिवसांनी त्यानं नियमांची पुस्तिका काढली आणि नियम सतरा पुन्हा वाचला, ड्रॉइंगवरची टीप वाचावी तसा. लागोपाठ तीन. म्हणजे हिरवी चिठ्ठी आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दोन बुधवार उभं राहायचं, तिसऱ्या बुधवारी पडदा ओढायचा. मग पुन्हा दोन. नियमात बसत होतं. एवढी सरळ रेघ इतके दिवस दिसली नाही याचं त्यालाच नवल वाटलं. ती उभी राहणार नसेल तर त्यानं राहायचं, एवढाच विचार होता. बावीस वर्षांचं उभं राहणं कुणीतरी फेडायला नको का. आणि खुर्चीतून उठून तिच्या जागी गेलं तर तिला काय दिसायचं ते तरी कळेल.

बुधवारी त्यानं दाढी केली, धुतलेला सदरा घातला. सहा वाजता पडदे दोन्ही बाजूंना पूर्ण सारले आणि खिडकीच्या मधोमध उभा राहिला. डावा हात चौकटीवर ठेवला. रंग तिथे, एका तळव्याएवढ्या जागेत, उडालेला होता, आणि लाकूड गुळगुळीत झालं होतं. आपण काढलेली चौकट, आणि तिच्यावरची ही एवढी जागा त्यानं कधी पाहिली नव्हती. त्यानं हात उचलून थोडा खाली ठेवला, ती जागा मोकळी सोडली. काचेतून गल्ली दिसत होती, कोपरा, बसथांबा. तिला हेच दिसायचं, दोन ओळी एकसारखी घरं आणि त्यांच्यामधून छपरांकडे बघत येणारा एक वाकलेला माणूस. सहा-आठला बस थांबली. कुणी उतरलं नाही. तरीही त्याला वाटलं, आता येईल. कोण, ते त्यानं स्वतःला विचारलं नाही. तो थोडा उजवीकडे सरकला. का सरकला हे त्याला सांगता आलं नसतं. दाटीत माणूस सरकतो, तसा. डाव्या दंडाला काहीतरी खरखरीत लागलं, पडदा असेल. त्यानं मान वळवली नाही. वळवली तर पाठच दिसेल, किंवा काहीच दिसणार नाही. त्यापेक्षा समोर बघितलेलं बरं. तीही समोरच बघायची.

मास्तर गल्लीतून आले, एकतीससमोर थांबले, वर बघितलं. ओळखीचं हसले आणि मान हलवली, आता काय म्हणावं तुम्हाला अशा अर्थानं. मग पुठ्ठ्यावर वाकून लिहायला लागले. लिहिताना एकदा थांबून त्यांनी पुन्हा वर बघितलं, आकड्याची खात्री करून घ्यावी तसं, आणि चिठ्ठी फाडून दाराखालून आत सरकवली.

मास्तर बत्तीसकडे वळेपर्यंत तो हलला नाही. मग दारापाशी जाऊन त्यानं पिवळा कागद उचलला आणि दाराच्या काचेतून येणाऱ्या उजेडात धरला. घर क्रमांक एकतीस. नियम सतरा. सहा वाजून दहा मिनिटे. व्यक्तींची संख्या: दोन.